मोठ्या जाऊबाईंना जाहीर थँक्यू

प्रिय ताई,

समोर बसून आभार मानायला गेले की तू "गप गं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहूनच टाकतेय, वाचावंच लागेल.

तर तो मंगळवार. मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं की शनिवारी येतोय, आठ दिवस मुक्काम. मी लगेच बहिणीला टाइप केलं, "मामा येतायत परत! आता आठ दिवस रिमोट आणि बाथरूम दोन्ही त्यांच्या ताब्यात, मी तुझ्याकडे राहायला येऊ का?" पाठवलं, आणि मग वर बघितलं तर बहिणीचं नाव कुठाय, तो सासरचा एकतीस माणसांचा ग्रुप!

माणूस घाबरला की बोट डोक्याला विचारत नाही गं. 'डिलीट फॉर एव्हरीवन'च्या ऐवजी मी 'डिलीट फॉर मी' दाबलं. चूक सुधारायला खाली पाच सेकंद 'अनडू' येतं, व्हॉट्सअ‍ॅपने 2022च्या डिसेंबरमध्ये ते बहुतेक माझ्यासारख्यांसाठीच आणलं, पण ते पाच सेकंद मी फोन सोफ्यावर फेकून "अगं बाई अगं बाई" करण्यात घालवले. म्हणजे माझ्या फोनवरून मेसेज गायब आणि बाकी तीस जणांकडे जसाच्या तसा. कोणी कोणी वाचला ते बघावं तर ते फक्त पाठवणारीच्या फोनवर दिसतं आणि पाठवणारीने तर मेसेजच उडवलेला.

तेवढ्यात तुझे दीर शांतपणे म्हणतात, "घाई कशाला केलीस, आता दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ मिळतो डिलीट करायला, 2017 साली हे आलं तेव्हा सातच मिनिटं होती." मी बुडतेय आणि हा माणूस काठावर उभा राहून पाण्याची खोली सांगतोय! (यावर आमचं वेगळं भांडण झालं, ते जाऊदे.)

मग तुला फोन केला. मला धड बोलताही येत नव्हतं, आणि तू "काय लिहिलंस" पण विचारलं नाहीस, "ओरडू नकोस, फोन ठेव" एवढंच. ग्रुप अ‍ॅडमिनला दुसऱ्याचाही मेसेज सगळ्यांकडून काढता येतो हे मला तेव्हा कळलं. पण तिथे अ‍ॅडमिनचं नावही दिसतं हे तुला माहीत होतं ना? तरी केलंस. आणि मग काय, सगळे तुझ्यावर. आत्या विचारतायत काय होतं, काका म्हणतायत उद्या आमचे गुड मॉर्निंगपण काढशील. तू एका ओळीत संपवलंस, "तिचा ऑफिसचा मेसेज चुकून इकडे आला होता, म्हणून काढला." वर दोन दिवस दादागिरी करणारी अ‍ॅडमिन म्हणून टोमणे खाल्लेस. माझ्याकडे बघून साधं हसलीसुद्धा नाहीस, मी असते तर वर्षभर छळलं असतं.

पुढचं मात्र तुला सांगितलेलं नाही. शनिवारी मामा आले, चहा झाला आणि त्यांनी स्वतःहून रिमोट माझ्या हातात दिला. "तू बघ तुला काय हवं ते." रोज सकाळी सगळे उठायच्या आत त्यांची अंघोळ उरकलेली. आता हे वाचून की सहज? विचारावं तर कबुलीजबाब, न विचारावं तर घास उतरत नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवेना, मी रिमोट त्यांच्याकडे सरकवला, त्यांनी माझ्याकडे सरकवला, शेवटी तो आमच्या दोघांच्या मधे सोफ्यावर पडून राहिला आणि आम्ही दोघांनी पाऊण तास एका मिक्सरची जाहिरात बघितली. मिक्सरला तीन भांडी येतात, एवढं आता मला पाठ आहे.

निघताना मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि तो ऑफिसचा मेसेज, पोचला का मग जिथे पोचायचा तिथे?"

मी "हो" म्हटलं. बरोबर म्हटलं का गं? जे काय वाटेल ते मला पर्सनलवरच पाठव.

तुझी,
धाकटी