काळ्या आंब्याला जाण्याआधी

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत पानिपतला जाऊन काळ्या आंब्याच्या भुताखेतांच्या गोष्टी जमवायचं म्हणतोस, तर १४ तारीख टाळ. शौर्यदिनाला, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या स्मरणदिनाला, महाराष्ट्रातून इतकी माणसं लोटतात की भूत असलंच तरी गाव सोडून जाईल. चार दिवस मागंपुढं जा. धुकं तेव्हाही असतंच.

मूळ गोष्ट तुला ठाऊक आहे: १४ जानेवारी १७६१ च्या मराठे-अब्दाली लढाईत इतकं रक्त सांडलं की तिथला आंबा काळा पडला, फांदी तोडली तर लाल रस यायचा. आता ते झाड नाही, त्या जागी स्मारकाचा स्तंभ आहे. पण कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचार. तुडतुडे मोहोरावर-पानांवर चिकट गोड स्राव सोडतात, त्यावर काळी बुरशी चढते आणि अख्खं झाड काजळी फासल्यासारखं दिसतं. खोडाला जखम झाली की तांबूस डिंक गळतो, तो वाळून काळपट होतो. त्या झाडाला हेच झालं होतं हे आज कुणी सिद्ध करू शकत नाही, पण गोष्ट सांगणाऱ्याला ‘पानं काळी होती की खोड?’ एवढं जरूर विचार. उत्तरावरून कळतं की माणूस ऐकीव सांगतोय की वाडवडिलांनी पाहिलेलं.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे मध्यरात्री ऐकू येणाऱ्या टापा आणि तलवारींचा खणखणाट. इथे इतिहासच आडवा येतो. पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव पडले ते दुपारी, आणि संध्याकाळपर्यंत सगळा खेळ आटोपला होता. मध्यरात्री लढाई नव्हती, पळापळ आणि कत्तल होती. शिवाय मराठ्यांना रसद पुरवणारे सरदार गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेल्यावर रसद तुटली, घोडी उपाशी मरत होती. दौडणारी भुतावळ मराठ्यांची म्हणावी तर चंदी कुठून आणली?

आवाज मात्र खरे असतात, म्हणून त्यांचं मूळ शोध. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. आवाज वर न जाता खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. महामार्ग ४४ वरचे ट्रक, दिल्ली-अंबाला रेल्वे, शहरातल्या कापड विणायच्या मागांची एकसुरी खडखड, यातलं काहीही लांबून टापांसारखं वाटू शकतं. शेतात नीलगायी असतात, त्यांच्या टापा तर खऱ्याच. किंकाळी बहुतेक गव्हाणी घुबडाची. टिटवी तू ओळखशीलच.

रेकॉर्डिंग करशील तेव्हा फोन खिशात ठेवू नकोस. जाकिटाची सळसळच नंतर ‘कुजबुज’ होते. तिपाईवर लाव, स्वतः दोन-तीन मीटर लांब उभा राहा. सुरुवातीला वेळ, वाऱ्याची दिशा आणि सोबत कोण आहे ते मोठ्याने बोल, टाळी वाजव, मग दहा मिनिटं गप्प. मध्येच खोकलास तर तेही लगेच बोलून ठेव. फोनचं गोंगाट कमी करणारं सेटिंग बंद कर, नाहीतर उरलेल्या तुकड्यांत कान शब्द शोधू लागतो. आणि फ्लॅश वापरू नकोस: भिंगाजवळचे धुक्याचे थेंब उजळून पांढरे गोळे उमटतात. असले फोटो ‘आत्मे’ म्हणून हजारांनी फिरतात.

माझ्या मते तिथली खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट भुताची नाहीच. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ, त्यांचं म्हणून जे धड सापडलं त्याला शिर नव्हतं, त्यामुळे ते मेलेत हेच अनेकांना पटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणं उतरवलं नाही. पुढे भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. गावकऱ्यांना याबद्दलही विचार. भाऊ जिवंत निसटले अशा कथा हरियाणातही सांगतात.

स्मारक कधी बंद होतं ते दिवसा जाऊन पाहून ये, रात्री थांबायचं तर चौकीदाराची परवानगी घे, आणि शेतातून जायचं झालं तर मालकाला सांगून जा. परतीची गाडी आधीच ठरव. धुक्यात ऐनवेळी रिक्षा मिळत नाही. लोकरी मोजे दोन जोड घे.

तुझा,
दिलीप