बाबांच्या कानांवर मेहनत घेणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

बाबांचं आधीचं ऐकण्याचं मशीन आम्ही दुसऱ्या एका ठिकाणाहून घेतलं होतं, ते लगेचच कपाटात गेलं. तुम्ही मात्र मशीनचं नाव काढण्याआधी बाबांशी बोलत बसलात. "आवाज येतोय वो, पण काय म्हणताय ते कळंना," ही त्यांची तक्रार तुम्ही खरी मानलीत. त्यासाठीच हे जाहीर आभार.

बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, म्हणून तुम्ही पेटीवरूनच समजावलंत. आतल्या कानातला शंख पेटीच्या पट्ट्यांसारखा लावलेला असतो: तोंडाशी उंच सूर, आत टोकाशी खर्ज. वयोमानानं तोंडाजवळच्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी, आधी झिजतात. 'स', 'श' ही अक्षरं नेमकी वरच्या पट्टीतली. म्हणून आवाज पोचतो, पण 'सात' आणि 'हात' सारखेच वाटतात.

हा क्रम कानापाशी थांबत नाही, हे मला नवीन होतं. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या घडीत दडलेल्या श्रवण कॉर्टेक्सवरही, म्हणजे आवाज ओळखणाऱ्या मेंदूच्या भागावरही, खालचे-वरचे सूर असेच ओळीनं मांडलेले असतात. त्याच्या भोवतालच्या भागांत त्या सुरांमधून अक्षरं आणि ओळखीचे गळे उलगडतात. डाव्या मेंदूतल्या तिथल्याच मागच्या भागाला इजा झाली, तर कान शाबूत असूनही बोलणं समजत नाही, हे जर्मन डॉक्टर कार्ल वर्निके यांनी १८७४ मध्येच मांडलं होतं.

दोन्ही कानांना मशीन हवं, यावर तुम्ही ठाम राहिलात. खर्च बघून मी कचरत होतो. पण एका कानाहून दुसऱ्या कानाला आवाज पोचायला लागणारा, एक मिलिसेकंदाहूनही कमी फरक मेंदू टिपतो आणि त्यावरून दिशा ओळखतो, हे तुम्ही सांगितलंत. महाद्वार रोडच्या गर्दीत रिक्षा डावीकडून येतेय की उजवीकडून, हे बाबांना कळायलाच हवं होतं.

सुरुवातीला ताटल्यांचा खणखणाट, पेपरची घडी उलगडल्याचा आवाजसुद्धा त्यांना सोसेना. वर्षानुवर्षं न मिळालेल्या सुरांची मेंदूला पुन्हा सवय व्हावी लागते, म्हणून तुम्ही आवाज बेताबेतानं चढवलात आणि रोज कुणीतरी समोर बसून पेपर वाचून दाखवायला सांगितलंत. ते काम नातीनं उचललं. आता तिचं बारीक आवाजातलं बोलणं बाबांना पहिल्या खेपेलाच कळतं.

मंडळातल्या आणखी दोघांना बाबा तुमच्याकडे पाठवतायत. त्यांनाही तेवढाच वेळ द्या, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एका पेटीवाल्याचा मुलगा
मंगळवार पेठ, कोल्हापूर