गाळा सोडू नका, भाजी सोडा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल बाबा म्हणाले, दिवाळीनंतर मंडईतला आपला भाजी-फळांचा गाळा देऊन टाकायचा विचार आहे. आई, तू मध्ये एक शब्द बोलली नाहीस, म्हणजे तुझ्याही मनात तेच घोळतंय. फोनवर मला नीट मांडता आलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, गाळा सोडू नका. भाजी सोडा.

मेथीची जुडी, कांदे-बटाटे इथे खराडीत मोबाइलवर मागवले की दहा-पंधरा मिनिटांत दारात येतात. आमच्या सोसायटीतली नवरा-बायको दोघंही रात्री आठ-नऊला घरी पोचतात. त्यांनी मंडईत कधी यायचं आणि गाडी कुठे लावायची? ती आळशी नाहीत, त्यांना वेळच नसतो. तुमची जुनी गिऱ्हाइकंही वाडे पडले तशी कोथरूडला, सिंहगड रोडला गेली. उरलेल्यांसाठी तुम्ही दुखरा गुडघा घेऊन पहाटे तीनला मार्केट यार्ड गाठता आणि संध्याकाळी निम्मा पाला फेकून देता. हे आता थांबवा.

पण फळांचं तसं नाही. गेल्या मोसमात कोथरूडहून एक आजी आल्या होत्या, रविवारी जावई जेवायला येणार म्हणून. तुम्ही अढीतला पेंढा बाजूला केलात, एकेक आंबा देठाशी हुंगलात, अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलात, चार परत ठेवलेत. सहा रविवारचे आणि सहा बुधवारचे असे वेगवेगळ्या कागदांत बांधून दिलेत. मी शेजारीच उभी होते. मोबाइलवर सगळ्या डझनांना मिळून एकच फोटो असतो. मी एका ठिकाणाहून मागवलेले आंबे निम्मे हिरवेगार, निम्मे डागाळलेले निघाले. तक्रार केल्यावर पैसे लगेच परत मिळाले, पण अक्षय्य तृतीयेला नैवेद्यात आंबा नव्हता.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांपुरतं. तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपतोच. तुम्हाला तो सालीवरून कळतो आणि तुम्ही तसं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता. लोक या शब्दासाठी पैसे मोजतात, बाबा. पुरंदरचं अंजीर तर दोन दिवस धड टिकत नाही, सीताफळ पिकलं की लगेच खावं लागतं. ज्या मालाला रोज हात लावून बघावं लागतं, तो तुमचा माल. आणि आई, अढी लावणं, रोज फळं खालीवर करणं तुझ्याइतकं गल्लीत कुणाला जमत नाही, हे बाबाही मान्य करतील.

मंडईने असे धक्के आधीही खाल्लेत. १८८६ च्या आधी बाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरायचा, तो या दगडी इमारतीत आला. पुढे घाऊक बाजार गुलटेकडीला, मार्केट यार्डात हलला, तेव्हा मंडई संपली असंच सगळे म्हणत होते, हे आजोबांनीच सांगितलेलं. त्यांनी घाऊक कांदा-बटाटा सोडला आणि किरकोळीत उतरले. गाळा मात्र ठेवला, म्हणून आज आपल्यापाशी सोडायला तरी काही आहे.

शिवाय सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रोचं स्टेशन झालंय. कोथरूडच्या त्या आजींना आता वनाजहून बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, की मंडई. पार्किंगचा प्रश्नच नाही, दोन डझनांची पिशवी आरामात नेता येते. अशा जुन्या पन्नासेक घरांचे नंबर तुमच्या उधारीच्या वहीत आहेत. कुठला माल आलाय, कधी पिकणार, एवढं मी त्यांना रोज व्हॉट्सॲपवर कळवीन. ते काम माझं, तुम्ही फक्त सकाळी फोटो पाठवायचे. आंबा काय, अंजीर काय, आपल्या ठरलेल्या आडत्याकडून टेम्पोने गाळ्यावर येऊ शकतो. पहाटे तुम्ही जायची गरज नाही.

मिळकत थोडी घटेल, हे मी धरूनच चाललेय. कमी पडेल तिथे मी आहे, आणि यात संकोच करायचा नाही.

रविवारी येते. गेल्या दोन वर्षांच्या वह्यांमधून फळांचा हिशेब भाजीपासून वेगळा काढून ठेवा. मिळून आकडे बघू, मग महापालिकेच्या कागदांवर सही करायची की नाही ते ठरवा. तोवर कुणाला शब्द देऊ नका.

तुमची,
लेक