त्या हेडचा पैसा

अरे गुरुजी,

मुख्याध्यापक झालास आणि पेढे नुसते व्हॉट्सअपवर, बरंय! तुझा परवाचा मेसेज, "अनुदान आलंय पण या हेडला खर्च टाकता येत नाही" (हेड म्हणजे तुमचं ते खर्चाचं ठरलेलं खातं), वाचून जाम हसलो, कारण त्याच संध्याकाळी मी इथे कॅलिफोर्नियात पोरीच्या शाळेच्या मीटिंगला बसून हेच ऐकून आलेलो.

तिची शाळा चार्टर. म्हणजे आपल्या अनुदानित शाळेची चुलत बहीण समज, पैसा सरकारचा, फी नाही, पण कारभार स्वतंत्र बोर्डाचा, १९९२ पासून कायदा आहे तसा. मुख्य पैसा चार्टर असो की साधी सरकारी, सरासरी हजेरीवर मिळतो (पोराला ताप आला, तू चिठ्ठी दिलीस, तरी त्या दिवसाची हजेरी गेलीच), तो शाळा बऱ्यापैकी मनाप्रमाणे वापरते. बाकीचा कशावर खर्चायचा त्याचा शिक्का मारूनच येतो. सरकारी लॉटरीतून शाळांना मिळणाऱ्या पैशाचंच बघ, २००० साली लोकांनी मतदान करून ठरवलं की शाळांच्या वाट्यात १९९७-९८ च्या वर जी वाढ होईल तिच्यातली निम्मी फक्त पुस्तकं नि शिकवायच्या साहित्याला.

तर मीटिंगमध्ये स्क्रीनवर शाळेच्या बजेटचं एक्सेल, रिसोर्स कोड ६७७०, म्हणजे कला-संगीताचा फंड, २०२२ च्या प्रॉप २८ चा (प्रॉप म्हणजे लोकांनी मतदानाने मंजूर केलेला प्रस्ताव). त्यात पैसे शिल्लक, आणि खाली दुसऱ्या ओळीत वाचनाला मदत करणाऱ्या बाईंचे तास कापलेले. एक बाबा उठले, म्हणाले हे तिकडे फिरवा ना. अकाउंटंट बाईंनी मान हलवली, पाचशे किंवा जास्त पोरं असली की ८० टक्के कला शिकवणाऱ्या माणसांवरच घालवायचे, वर आधीच्या शिक्षकाचा पगार यातून काढून वाचलेले दुसरीकडे ढकलायचे तेही चालत नाही. मी पण वैतागलो, खरं सांगतो.

पण घरी आलो तर पोरगी व्हायोलिन घासत बसलेली, शाळेचंच, हनुवटी टेकवायच्या जागेला टेप मारलेली, नि मांजर पलंगाखाली. यंदा पहिल्यांदाच पूर्ण वेळ संगीत सर आलेत, याच कोडमधून. कुलूप नसतं तर हा पैसा आधी छप्पर खातं, मग वीजबिल, सरांचा नंबर कधी लागला असता रे? तरी त्या बाईंच्या तासांचं वाईट वाटतंच.

तुझ्या शाळा अनुदानातल्या, स्वच्छतेवरच घालवायच्या १० टक्क्यांचं काय करतोस ते कळव. फिनाईल तरी किती आणणार!

तुझाच,
बाकावरचा शेजारी