लोगोची मूळ फाइल मागून घ्या

मा. संपादक साहेब,
स. न.

नवीन धंदा सुरू केला की आधी लोगो हे हल्ली ठरूनच गेलंय, चांगलंच आहे, पण माझा व्यवसाय छपाईचा असल्यामुळे त्या लोगोचं पुढे काय होतं ते मला रोज दिसतं म्हणून हे पत्र. माणूस येतो, व्हॉट्सअॅपवर आलेला जेपीजी दाखवतो आणि म्हणतो ह्याचा दहा फुटी बोर्ड करून द्या. अहो कसा करणार? ते चित्र पिक्सलचं, म्हणजे बारीक ठिपक्यांचं, मोठं केलं की फाटतं. व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांच्या मापांवर बनलेली, कोरल किंवा इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरमधली नाहीतर एसव्हीजी असली की नखाएवढी करा नाहीतर भिंतीएवढी, रेघ साफच राहते. ती कुठाय विचारलं तर "डिझायनरकडे असेल बहुतेक", आणि डिझायनर फोन उचलत नाही. मग आम्ही बसतो ट्रेस करत, म्हणजे त्या चित्रावरून रेघा नव्याने काढत, अक्षरांची वळणं थोडी इकडेतिकडे होतातच, आणि कार्डावर एक लोगो, बोर्डावर दुसराच.

दुसरं म्हणजे हौस. एवढ्याशा जागेत पान, चाक, उगवता सूर्य, मालकाची आद्याक्षरं, खाली टॅगलाइन, वरून ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा)! स्क्रीनवर छान दिसतं हो, पण रबरी शिक्क्यात त्याचा नुसता डाग उमटतो आणि शर्टाच्या खिशावर एम्ब्रॉयडरी करणारा तर हातच जोडतो. अॅपलचा 1976चा पहिला लोगो म्हणजे झाडाखाली बसलेला न्यूटन, भोवती चौकट, त्यावर मजकूर, सगळं बारीक काम. पुढच्याच वर्षी डिझायनर रॉब जॅनॉफने चावलेलं सफरचंद काढलं, त्याचे रंगीत पट्टे नंतर गेले पण आकार ओळखीचाच राहिला. म्हणून माझं म्हणणं, लोगो आधी नुसत्या काळ्या रंगात काढून घ्या आणि सेंटिमीटरभर करून बघा, ओळखू आला तर मग रंग भरा. रंगाचंही तेच, स्क्रीन आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाची) आणि छपाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या शाईची), मोबाईलवरचा तो झगमगता हिरवा शाईत येत नाही, आमच्याशी भांडून काय उपयोग.

राहिल्या त्या फुकट टेम्प्लेटवाल्या साइट्स. सुरुवातीला भागतं, मान्य (हातात पैसा नसताना दुसरं काय करणार), पण तेच पान तेच वर्तुळ आणखी कितीजणांनी उचललेलं असतं, आणि उद्या ट्रेडमार्क करायला गेलात तर अडतं, कारण बऱ्याच साइट्सच्या अटींतच असतं की स्टॉकमधल्या, म्हणजे साइटवरच्या तयार, चिन्हाचा ट्रेडमार्क घेता येणार नाही. त्या अटी वाचतो कोण! आणि डिझायनरकडून करून घेतलात तरी पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आपले झाले असं धरून चालू नका, कॉपीराइट तुमच्या नावे केल्याचं लेखी घ्या, फॉन्ट कुठला आणि त्याचं लायसन्स धंद्याच्या वापराला चालतं का तेही विचारून ठेवा. डिझायनर मंडळींनाही विनंती, शेवटचे पैसे मिळाले की मूळ फाइल, काळी-पांढरी आवृत्ती आणि रंगांचे नंबर एकाच मेलमध्ये पाठवून टाकत जा, न मागता.

आपला,
एक छपाईवाला