काका, आता तिसरा गिअर सुटत नाही

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठं टाकू नको पोरी, उद्या दारात गाड्यांची रांग लागंन," असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव टाकत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. घरी येऊन मानले असते तर तुम्ही चहा पुढे केला असता आणि विषय बदलला असता.

वाचणाऱ्यांना आधी गाडी सांगते. विलीजची पिकअप, आर. सी. बुकावर मॉडेल 1962. आजोबांनी काटोलहून संत्री आणायला घेतलेली. आंबिया बहार असो की मृग, संत्र्याचा हंगाम कुठलाही असो, पेट्या रात्रीच भरायच्या आणि उजाडता उजाडता नागपूरच्या संत्रा मार्केटला पोचायचं. चार सिलिंडरचं 2.2 लिटरचं हरिकेन इंजिन आजही हँडलच्या दुसऱ्या झटक्याला सुरू होतं. दुखणं होतं ते त्यामागच्या टी-90 गिअरबॉक्सचं. तीनच गिअर, त्यातही पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअर न खरखरता बसवणारी रिंग, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबून सोडणं, मारावाच लागतो. त्याचं बाबांना कधी काही वाटलं नाही. पण मला आठवतं तेव्हापासून दुसरा गिअर सुटायचा. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की दांडा खाडकन न्यूट्रलला. म्हणून बाबांचा डावा हात कायम दांड्यावर आणि स्टेअरिंग एकट्या उजव्या हाताने. लहानपणी मला वाटायचं, गाडी अशीच चालवतात.

यंदा बाबांना 78 वं लागलं. पॉवर स्टेअरिंग नसलेली ती गाडी एका हाताने ओढणं आता त्यांना झेपत नाही आणि गाडी विकायचा विषय काढला की ते जेवायचे थांबतात. मग मी आणि भावाने ठरवलं, गिअरबॉक्सच बदलू. इंजिन तेच, चेसिस तीच, म्हणजे आर. सी. वरचे दोन्ही नंबर जसेच्या तसे. जुन्या डिझेल जीपमधून निघालेला चार गिअरचा, चारही गिअरना सिंक्रो असलेला गिअरबॉक्स कबाड्यात मिळाला. एका गॅरेजने इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मधे अडॅप्टर प्लेट टाकून तो बसवून दिला. सहाशे किलोमीटर झाले नाहीत तोच क्लच दाबला की किरकिर, गिअर टाकताना खरखर, आणि आता तिसरा सुटायला लागला. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, गिअरबॉक्सच बाद आहे, दुसरा आणा. मी पैशांची जुळवाजुळव सुरूही केली होती.

तुमच्याकडे आले ती फक्त पायलट बुश करून घ्यायला. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक इंजिनच्या बाजूला ज्यात फिरतं, ती ही छोटी नळी. हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक काका घरीच लेथ चालवतात, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही जुना बुश हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिलात. बुशाचं तोंड भोंग्यासारखं फाकलं होतं, आतलं टोक मात्र जवळजवळ नवं. मला त्यात काहीच दिसलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "हे घासून गेलं नाही पोरी, याले कोणी तरी बाजूनं रेटून राहिलं. गिअरबॉक्सले कायले दोष देता? तो सरळ बसला का, ते तर पाहू आधी."

काका, त्या वाक्याने माझे गिअरबॉक्सचे पैसे वाचले. पण मला जास्त किंमत वाटते ती तुम्ही बुशाकडे बघत घालवलेल्या त्या पाच मिनिटांची. दोनशे रुपयांचं गिऱ्हाईक होते मी. बुश करून हातात दिला असता तरी तुमचं काही चुकलं नसतं.

ऐन नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, तरी रविवारी सकाळी सहाला तुम्ही आमच्या अंगणात हजर. ऊन चढलं की मापाला हात लावायचा नाही, लोखंड वाढतं, हा तुमचा नियम. गिअरबॉक्स आणि त्यामागचा, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा ट्रान्स्फर केस आम्ही आदल्या संध्याकाळीच उतरवून ठेवले होते. तुम्ही डायल गेजचा, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापाचा, चुंबकी स्टँड इंजिनच्या मागच्या फिरत्या चाकावर, फ्लायव्हीलवर बसवला आणि डायलचं टोक अडॅप्टर प्लेटच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं. मी पुढून हँडलने इंजिन फिरवायचं, तुम्ही खालून काटा वाचायचा. चारही प्लग काढलेले, त्यामुळे हँडल अलगद फिरत होतं. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वर शून्य. उजवीकडे 17. खाली 42. डावीकडे 25.

"चालते किती?" मी विचारलं. "पाच हजारांश इंच. तुह्या हिशेबानं 13 घरं."

मग तुम्ही मला गाडीखाली बोलावून समजावलंत, ते मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलं आहे. काटा 42 घरं फिरला म्हणजे प्लेटचं केंद्र क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, केंद्रापासून निम्मं, 21 घरं सरकलेलं. प्लेट नुसत्या बोल्टांवर बसवली होती, जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिना नव्हत्याच. बोल्टाच्या भोकात थोडी मोकळीक असतेच, तेवढ्यात प्लेट स्वतःच्या वजनाने खाली बसली आणि तशीच आवळली गेली. इनपुट शाफ्टचं टोक बुशात, मागचं अंग गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये. दोन्हींची केंद्रं जुळली नाहीत की शाफ्ट तिरका चालतो. मग बुशाचं तोंड फाकतं, क्लच पूर्ण सुटत नाही, आणि जोर आला की गिअर बाहेर ढकलला जातो. बिचारा गिअरबॉक्स चांगलाच होता.

पुढचा दीड तास मी विसरणार नाही. बोल्ट जरासे सैल करायचे, पितळी हातोडीने प्लेटला खालून टिचकी मारायची, पुन्हा आवळायचं, पुन्हा हँडल. 28. पुन्हा. 15. तुमच्या कानामागून घाम ओघळत होता, भावाने टेबलफॅन आणून लावला तर तुम्ही तो बंद करायला लावलात, धूळ उडते म्हणून. 9. मला वाटलं झालं, तेरा घरांच्या आत आलो. तुम्ही हातोडी खाली ठेवली नाही. शेवटी काटा 6 वर थांबला तेव्हा कुठे तुम्ही मान हलवलीत. मग आवळलेल्या जागीच प्लेट आणि बेल हाउसिंग (इंजिनमागचं क्लचचं कवच) दोन्हींतून आरपार दोन भोकं पाडली, रीमर फिरवला आणि 10 मिमीच्या कडक डॉवेल पिना ठोकल्या. आता कुणी प्लेट काढून परत लावली तरी ती जागच्या जागीच बसणार.

नवा बुश तुम्ही ऑइलाइटचा, म्हणजे तेल शोषून धरणाऱ्या सच्छिद्र कांस्याचा केलात आणि तो कसा तपासायचा तेही शिकवलंत. बुशाचं एक तोंड अंगठ्याने बंद केलं, आत काठोकाठ तेल भरलं आणि दुसऱ्या अंगठ्याने वरून दाबलं. घट्ट दिसणाऱ्या धातूच्या अंगावर बारीक बारीक तेलाचे थेंब फुटले, थेट कपाळावर घाम फुटावा तसे. ते मी दोनदा करून पाहिलं. नंतर भावाने, मग बाबांनीही, खाटेवर बसूनच.

चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडे तर आमचं लक्षच गेलं नव्हतं. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून ट्रान्स्फर केस मागे सरकला, म्हणजे मागचा शाफ्ट आखूड हवा आणि पुढचा लांब. गॅरेजने तेवढं केलं होतं, पण मागच्या शाफ्टची दोन्ही टोकांची योक, म्हणजे सांध्याची दुबेळकी, एका रेषेत नव्हती. पन्नासच्या वर गाडी थरथरायची ती त्यामुळे. तुम्ही पाइपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूची सरळ रेघ ओढली, वेल्डिंग कापलं, योक रेषेवर आणून पुन्हा जोडलं आणि बॅलन्सिंगला वाडीला पाठवलं. तेल भरतानाही डब्यावरचं वाचायला लावलंत: गिअर तेलाचा दर्जा जीएल-4च घे, जीएल-5मधली रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगा खाऊ शकतात.

पैशांचं काय बोलू? बुश, दोन पिना आणि वेल्डिंगच्या कांड्या, एवढ्याचेच घेतलेत. मी जास्त पुढे केले तर तुम्ही म्हणालात, "एसटीत एकतीस वर्षं कोणाची तरी गाडी सरळ करायचाच पगार खाल्ला ना मी." आई आतून पुरणपोळीचा डबा घेऊन आली नसती तर तुम्ही रिकाम्या हातानेच गेला असता.

गेल्या रविवारी आम्ही काटोलला जाऊन आलो. पुढे बाबा आणि मी, मागे हौद्यात भाऊ. बाबांनी चालवली. काटोल नाक्यापासून त्यांचा डावा हात सवयीने दांड्यावरच. मी काही बोलले नाही. दुसऱ्यात ॲक्सिलरेटर सोडला, तिसऱ्यात सोडला, उतारावर पाय काढला, दांडा हलला नाही. फेटरी मागे पडलं आणि त्यांनी डावा हात उचलला, क्षणभर कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, मग तो स्टेअरिंगवर आला. पुढचा सगळा रस्ता दोन्ही हात स्टेअरिंगवर. परत येताना म्हणाले, "त्या मिस्त्रीले घेऊन जाऊ एकदा आपल्या बागेत."

तेव्हा आंबिया बहार तोडायला आला की तुम्हाला यायचं आहे. बाबा स्वतः घ्यायला येतील, याच गाडीने. तुमचा चुंबकी स्टँड अजून माझ्याकडेच आहे, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला आहे. शनिवारी संध्याकाळी आणून देते. तुम्ही जादाचा करून दिलेला बुश तेलात बुडवून डबीत घातला आहे आणि ती डबी गाडीतच असते.

तुमची,
विलीजवाली पोरगी
नागपूर