टॉमी जॉनचा डावा हात

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या नातवाचे कोपर दुखत असल्याचे मी फोनवर सांगितल्यावर बाबांनी ‘टॉमी जॉन शस्त्रक्रिया’ कुठूनतरी वाचून काढली आणि तुम्ही दोघेही धास्तावलात, हे आईच्या आवाजावरून मला कळले. डॉक्टरांनी त्याला फक्त विश्रांती सांगितली आहे, शस्त्रक्रियेचा विषयही निघालेला नाही. तरीही ती ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या टॉमी जॉन या बेसबॉलपटूविषयी तुम्हाला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्याचे नाव ऐकले की मला भीतीपेक्षा आदर वाटतो.

इंडियाना राज्यात जन्मलेला हा डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू टाकणारा खेळाडू, 1963 साली क्लीव्हलँड संघाकडून मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत आला. 1974 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळताना त्याच्या नावावर 13 विजय आणि अवघे 3 पराभव असताना, 17 जुलैला, चेंडू टाकता टाकता त्याच्या डाव्या कोपरातला अस्थिबंध तुटला. बाबा, क्रिकेटमध्ये गोलंदाजाला चेंडू टाकताना वाकलेले कोपर ठराविक मर्यादेपलीकडे सरळ करण्याची मुभा नसते. पिचर मात्र वाकलेले कोपर सगळ्या ताकदीनिशी पुढे झोकतो आणि तो ताण नेमका याच अस्थिबंधावर येतो. त्या काळी ही दुखापत म्हणजे पिचरच्या कारकिर्दीचा शेवटच असे.

25 सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी त्याला आधीच सांगितले होते. पुढे मज्जातंतूच्या त्रासाने बोटे आखडली, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि 1975 चा संपूर्ण हंगाम हातचा गेला. डॉक्टरांच्या कौशल्याचे कौतुक सगळे करतात, आणि ते योग्यच आहे. पण तिशी ओलांडलेल्या त्या माणसाने, यशाची कोणतीही खात्री नसताना, ज्या चिकाटीने तो हात पुन्हा कामाला लावला, तिचे मोल मला अधिक वाटते.

1976 मध्ये तो परतला, तेव्हा 10 विजय आणि 10 पराभव अशीच बेताची कामगिरी झाली. मात्र 1977, 1979 आणि 1980 या तिन्ही हंगामांत त्याने 20 किंवा त्याहून अधिक सामने जिंकले. त्याच्या एकूण 288 विजयांपैकी 164 शस्त्रक्रियेनंतरचे आहेत, आणि वयाच्या 46 व्या वर्षापर्यंत तो खेळत राहिला.

विजेतेपद मात्र त्याला कधीच मिळाले नाही. 1977 आणि 1978 मध्ये डॉजर्सकडून तो न्यू यॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध अंतिम मालिका हरला; 1981 मध्ये तो यांकीजकडे होता, तर डॉजर्स जिंकले. त्या मालिकेच्या शेवटच्या सामन्यात 1-1 अशी बरोबरी असताना नऊपैकी चौथ्या डावातच फलंदाजीसाठी त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवून त्याला सामन्याबाहेर काढण्यात आले, आणि यांकीज 9-2 असे हरले. पुढे पंधरा वर्षे मतदान होऊनही पत्रकारांनी त्याला कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, निवडले नाही, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

मेजर लीगच्या सूचनांनुसार 13-14 वर्षांच्या मुलाने दिवसाला 95 हून अधिक चेंडू टाकू नयेत, आणि 66 किंवा अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी. दुखणे थांबल्यावर तुमच्या नातवाला खेळू द्यायचे झाले, तर हा हिशेब मी स्वतः ठेवणार आहे. रविवारी त्याच्याशी बोलाल तेव्हा पुन्हा कधी खेळणार हे कृपया विचारू नका, कारण त्या प्रश्नाने तो फार हिरमुसतो.

तुमची,
लेक